आधी पाना, मग ठिपका

बसा हो, बसा. लाइट गेलीय, ती काही आपल्या हाकेला ओ देऊन यायची नाही. टायरवर नको, पँटला काळं लागेल, तो स्टूल ओढा. हा चार्जिंगचा दिवा तासभर टिकतो. तुमच्या गाडीचं आता पुढच्या चाकाचंच काम राहिलंय, आणि ते मी असल्या मिणमिणत्या उजेडात करत नाही. घाई आहे म्हणालात, ऐकलं मी. 'फक्त ऑइल बदला, बाकीचं राहू द्या', तेही ऐकलं. सगळेच म्हणतात. पण या गॅरेजातून गाडी बाहेर काढायची तर पुढच्या चाकाचा नट गिऱ्हाइकानं स्वतः पाना लावून बघायचा. मग मी त्यावर ठिपका देणार आणि मग गाडी हलणार. लोक हसतात. पाठीमागे मला ठिपकेवाला म्हणतात. म्हणू देत बापडे.

विचारलंत म्हणून सांगतो. एरवी सांगत नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटतं माझाच एखादा नट ढिला आहे.

दहा वर्षं झाली. तेव्हा उस्ताद थकून घरी बसून दोनेक वर्षं झाली होती आणि गॅरेज माझ्या हाती आलं होतं. उस्तादांचा एक कायदा होता. चाकाचा नट पूर्ण आवळला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला म्हणजे काम झालं, परत बघायला नको. 'आधी पाना, मग ठिपका,' हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. पण मी पडलो शहाणा. रंगाची बाटली उघडली की रंग घट्ट व्हायला लागतो, ब्रश सारखा धुवावा लागतो. म्हणून मी सकाळीच रांगेतल्या सगळ्या गाड्यांच्या नटांवर एका दमात ठिपके देऊन टाकायचो आणि मग दिवसभर एकेका गाडीला पाना लावत बसायचो. वेळ वाचायचा. आपण किती हुशार, असं वाटायचं.

यात काय चुकलं ते बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. मधेच कोणी हाक मारली, फोन वाजला, चहाला उठलो, की परत आल्यावर नजर कशावर जाणार? ठिपक्यावर. म्हणजे ही झाली, चला पुढची.

त्या दिवशी रांगेत माझ्या ताईची गाडी होती. आई मला आठवतही नाही. ताईनंच न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, शाळा जमेना तेव्हा कान धरून उस्तादांकडे आणून उभं केलं. ती नर्स. भाऊजी आजारपणात गेले आणि त्यांची मोटरसायकल मागे राहिली. लोक म्हणाले, विकून टाक. ताई म्हणाली, 'का? मला पाय नाहीत?' आणि चालवायला शिकली. रोज पहाटे पावणेसहाला ती दगडाच्या बंद खाणीमागच्या रस्त्यानं ड्यूटीवर जाते. तो रस्ता जवळचा, पण ओसाड. एका बाजूला खाणीचा खड्डा, मग उतार, उताराच्या तळाशी वळण आणि वळणावर नाल्यावरची मोरी. खडी कायम पसरलेली. दिवसासुद्धा माणूस दिसायचं नाही.

दुपारी तीनला मी तिची गाडी पोचवायला निघालो. त्याच रस्त्यानं. ऊन होतं, पण वारा अजिबात नव्हता. मी गुणगुणत चाललो होतो. वेग म्हणाल तर सायकलवाल्यानं मागे टाकावं इतका. वळण घेतलं आणि रस्त्याच्या मधोमध कोणीतरी हात आडवा करून उभं आहे असं दिसलं. मी पुढचा ब्रेक दाबला. खडीवर पुढचा ब्रेक दाबू नये, हे मी शंभर गिऱ्हाइकांना बजावलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

गाडी डावीकडे आडवी झाली आणि मी चार हात घसरत गेलो. कोपराचं साल निघालं, गुडघ्यावर पँट फाटली. तेवढंच. असल्या पडण्याला कोणी अपघातसुद्धा म्हणणार नाही. इंजिन बंद पडलं आणि सगळीकडे एकदम शांत झालं. इतकं शांत, की माझा श्वास मलाच मोठा वाटायला लागला. पेट्रोलचा वास येत होता. त्यात दुसराही एक वास होता, पातळ तेलाचा, शिलाई मशीनला घालतात तसल्या. आणि एक आवाज.

टक... टक... टक...

पुढचं चाक फिरत होतं. आता तुम्हीच सांगा, ब्रेक दाबून पडलेल्या गाडीचं चाक फिरेल का? पण ते फिरत होतं, एका लयीत. हळू होत नव्हतं. मी आडवा पडल्या पडल्या बघत राहिलो आणि मग लक्षात आलं, की चाकापाशी एक माणूस उकिडवा बसलाय. माझ्याकडे पाठ. पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. रस्त्यावर इतकी धूळ, आणि त्या शर्टावर एक डाग नाही.

'लागलं का?' त्यानं न वळता विचारलं.

'नाही हो. साल निघालं जरा.'

'हं... हळूच पाडलं.'

मला वाटलं, डोकं आपटलंय आपलं, काहीतरीच ऐकू येतंय. त्यानं चाकावर एक बोट ठेवलं. टकटक थांबली. मग दोन बोटांत त्यानं चाकाचा नट धरला आणि फिरवला. बाटलीचं झाकण फिरावं तसा नट फिरला.

'बघ...'

'शक्यच नाही,' मी उठत म्हटलं. 'ठिपका आहे त्यावर.'

'ठिपका आहे,' तो म्हणाला. 'आणि पाना?'

सकाळी अकराला ताईच्या गाडीपाशी बसलो होतो, पाना हातात होता. समोरच्या सुतारानं चहाला हाक मारली. परत आलो, ठिपका बघितला आणि शेजारच्या गाडीला हात घातला. सगळं डोळ्यांसमोर आलं. नट हातानं नुसता चढवलेला होता.

'सकाळी पावणेसहा,' तो म्हणाला. बोलणं अगदी सावकाश, एकेक शब्द चिमट्यानं उचलून ठेवल्यासारखं. 'उतारावर तिचा वेग पन्नास असतो... चाक इथे सुटलं असतं. समोर मोरीचा कठडा...'

'तुम्ही... तुम्हाला काय माहीत? कोण तुम्ही?'

तो वळला. कपाळावर काळ्या पट्ट्यानं बांधलेलं भिंग होतं. घड्याळं दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते.

मी ओळखलं त्याला. बाजारातला घड्याळवाला. वर्षभरापूर्वी त्याची गाडी माझ्याकडे सर्व्हिसिंगला आली होती. दुसऱ्या दिवशी तो याच मोरीवर गेला. जागच्या जागी. सगळे म्हणाले, भरधाव असणार, नाहीतर रोजच्या रस्त्यावरचा माणूस कठड्यावर कशाला जाईल. मीही मान डोलावली होती. चौकीच्या आवारात त्याची मोडकी गाडी बघायलाही गेलो होतो. पुढच्या चाकाचा नट जागेवर नव्हता. पडताना उडाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि घरी येऊन पोटभर जेवलो. तुम्हाला खोटं कशाला सांगू, त्या रात्री झोपही लागली होती.

घड्याळवाल्यानं मूठ उघडली. तळहातावर नट होता. त्यावर पिवळा ठिपका.

'माझ्याही नटावर होता,' तो म्हणाला.

त्यानं मूठ पुन्हा मिटली.

'मी चाळीसच्या वर कधी गेलो नाही. बायकोला वाटतं, गेलो... तिला सांग.'

कोपरातून कळ आली म्हणून मी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा रस्ता मोकळा होता. खडीवर एकाच माणसाच्या पावलांचे ठसे होते, माझे. डिकीतला पाना काढला. नट आवळला. पावणेतीन वेढे फिरला तो. पावणेतीन! माझ्या बहिणीचा जीव तेवढ्या पावणेतीन वेढ्यांवर होता, आणि तिच्या भावानं वर ठिपका देऊन ठेवला होता.

ताईनं कोपर धुऊन पट्टी बांधली. 'गाडीचा डॉक्टर आणि स्वतःच पेशंट,' म्हणून हसली. मी मात्र रात्रभर पंख्याकडे बघत पडलो. सकाळी ती जाऊन पोचल्याचा फोन आला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

धडा मी घेतला. त्या दिवसापासून पाना आधी. पण दुसरं सांगणं, ते मी गिळलं. का म्हणाल, तर भीती. गॅरेजचा जम आत्ता कुठे बसत होता, पोलीस येतील, नाव जाईल, उस्ताद काय म्हणतील. आणि सांगून तो थोडाच परत येणार आहे? माणूस स्वतःला काय काय समजावतो बघा. हळूहळू मला वाटायला लागलं, की ऊन लागलं असेल, डोकं आपटलं असेल.

चौथ्या दिवशी ताई घरी आली. भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, 'तू पडलास ना, त्या वळणावर एक माणूस बसलेला असतो रे. रोज हात करतो. आज थांबले. म्हटलं, आजारी असेल बिचारा.'

'मग?'

'मला विचारतो, भावानं सांगितलं का? काय सांगायचं होतं तुला?'

'वेडा असेल कोणीतरी,' मी म्हटलं. 'तू त्या रस्त्यानं जाऊच नकोस.'

'वा रे! लांबच्या रस्त्यानं गेले तर ड्यूटीला उशीर होतो. वेड्याला काय घाबरायचं? माझा अर्धा वॉर्ड तसलाच असतो.'

माझ्या ताईला नको म्हटलं की ती तेच करते. पाचव्या दिवशी तो मोरीवरून उठून रस्त्याच्या कडेला उभा होता. सहाव्या दिवशी डांबरावर. हे सगळं ती मला हसत सांगायची आणि मी आतून वाळत चाललो होतो. आठव्या दिवशी ती हसत आली नाही. तिच्या हाताला खरचटलं होतं.

'आज मधोमध उभा होता. ब्रेक दाबला, गाडी हलली. पडले नाही, थोडक्यात वाचले. आणि ऐक, त्यानं आज विचारलं नाही काही. नुसता चाकाकडे बघत होता.' मग माझ्याकडे रोखून बघितलं तिनं. लहानपणी खोटं बोललो की बघायची तसं. 'काय केलंयस तू?'

मी सगळं सांगितलं. रडलो. तिनं मला मारलं नाही, शिवी दिली नाही. उठली, चपला घातल्या, दारात थांबून एवढंच म्हणाली, 'आधी तिला सांग. मग मला तोंड दाखव.'

घड्याळवाल्याचं दुकान आता त्याची बायको चालवत होती. जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा, भिंतभर घड्याळं, आणि प्रत्येकाची टकटक वेगळी. तोच पातळ तेलाचा वास. तिला वाटलं, मी पट्टा बदलायला आलोय. मी काउंटरला धरून उभा राहिलो आणि उभ्या उभ्या सांगितलं. ठिपका, चहा, नट. वळणावर कोण भेटलं ते सांगितलं नाही. तिच्या तोंडावर ते सांगायची माझी लायकी नव्हती.

ती म्हणाली, 'म्हणजे ते जोरात नव्हते.'

'नव्हते, वहिनी.'

'वर्षभर मी भांडतेय त्यांच्याशी. रोज सकाळी. मला वचन दिलं होतं आणि तरी जोरात गेलात, म्हणून.' तिनं हातातलं घड्याळ उलटं ठेवलं. 'तो नट आवळायला किती वेळ लागतो?'

'अर्धं मिनिट.'

'अर्धं मिनिट,' ती म्हणाली. दुकानातली सगळी घड्याळं चालू होती, आणि मला वाटतं ते अर्धं मिनिट तिनं तिथे पूर्ण मोजलं. मग म्हणाली, 'जा आता. परत या दुकानाची पायरी चढू नका.' मी चढलो नाही. पोलिसांत तिनं तक्रार दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून मोरीवर कोणी नव्हतं. मी त्या महिन्यात जुन्या गिऱ्हाइकांच्या घरोघर गेलो. मागच्या दोन वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली एकूण एक गाडी दारात उभी करून तपासली. फुकट. तीन नट ढिले सापडले. तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या हातात पाना देतो. स्वतःच्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, मी तर पाणीही फुंकून पितो. दहा वर्षं शांततेत गेली.

गेल्या सोमवारपर्यंत.

सोमवारी ताईनं फोन केला. आवाज नेहमीसारखा नव्हता. 'वळणावर कोणीतरी आहे रे,' म्हणाली. 'तो नाही. बाई आहे. कडेवर मूल आहे.'

मी म्हटलं, 'असेल कोणी वाटसरू.'

'पहाटे पावणेसहाला? आणि एका पायात चप्पल नाही तिच्या.'

रोज तीच बाई. बोलत नाही, नुसता हात करते. मी सगळी जुनी गिऱ्हाइकं पुन्हा आठवली, एकेकाला फोन केले. सगळे धडधाकट. कोणाची बायको गेलेली नाही, कोणाचं मूल गेलेलं नाही. दहा वर्षांत माझ्या हातच्या गाडीवरून कोणी साधं घसरलेलंसुद्धा नाही. मग ही कोण? काही टोटल लागेना. काल ती रस्त्याच्या कडेवरून पुढे सरकून डांबरावर आली होती. ताईला पुढचं कळत होतं, मलाही कळत होतं.

आज पहाटे ताईनं गाडी थांबवली. आपण होऊन. मी ओरडलो तिच्यावर, पण ती म्हणते, 'उद्या ती मधोमध उभी राहिली असती, त्यापेक्षा हे बरं.' तिनं विचारलं, बाई, कुठं जायचंय? ती काही न बोलता मागे बसली. ताई म्हणते, वजन असं जाणवलंच नाही, पण दोघींच्या मधे मूल होतं आणि ते पाठीला गार लागत होतं. ड्यूटीला वळायची जागा आली तसा मागून खांद्यावर हात पडला, पुढे चल म्हणून. ताई चालवत राहिली. वाटेत एकदाच ती बाई बोलली. 'त्यांना घाई असते हो,' म्हणाली. 'सांगून ऐकत नाहीत.'

कुठं उतरली, विचारा ना. इथं. या दारात. ताईनं मागे वळून बघितलं तर मागची सीट रिकामी.

सकाळपासून मी हे शटर उघडून बसलोय, ती कोणाची ते कळावं म्हणून. दिवसभरात एक गाडी आली नाही. पाच वाजता पहिली आली, ती तुमची.

घ्या, आली लाइट. उठा, हा पाना धरा. इकडून, घड्याळाच्या दिशेनं. जोर लावा... फिरतोय ना? फिरणारच. अजून लावा. आणि अजून एक सांगा, तुम्ही मघाशी फोनवर कोणाला म्हणालात, 'तू आणि बाळ तयार राहा, मी न्यायला येतोच'?